वायर बदलली की गाणं बदलतं का?

न्यू जर्सीतल्या मेट्रोपार्क स्थानकाच्या फलाटावर सकाळी न्यू यॉर्कच्या गाडीसाठी उभ्या असलेल्या गर्दीत आता बहुतेकांच्या कानांत बिनवायरीचे इअरफोन असतात. तरी त्या गर्दीत एखादा वेगळा दिसतोच. त्याची वायर कानावरून मागे वळून हनुवटीखाली एकत्र येते आणि खिशात जाते. ती साधी काळीही नसते. चार पदरांत विणलेली असते आणि पारदर्शक आवरणातून तांबं किंवा चांदी दिसत असते. हे इन-इअर मॉनिटर, म्हणजे शौकिनांच्या बोलीत 'आयईएम'. आयसेलिन-एडिसन पट्ट्यातल्या आपल्या लोकांनाही हे वेड लागलेलं आहे आणि त्यांच्या गप्पा एका प्रश्नाशी हमखास अडतात. इअरफोन दीडशे डॉलरचे असताना दोनशे डॉलरची वायर का घ्यायची?

विकणाऱ्याकडे उत्तर तयार असतं. तांब्याने खर्ज भरतो, चांदीने वरचे सूर उजळतात, दोन्ही मिसळलं की सोन्याहून पिवळं. ही भाषा कानाला गोड लागते, पण ती तपासायला कानांपेक्षा बेरीज-भागाकार जास्त उपयोगी पडतो. गंमत म्हणजे नेमका हाच हिशेब एका माणसाने मेट्रोपार्कपासून मैलभरावर जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी करून ठेवला आहे.

वायर सुटी का असते?

आयईएम जन्माला आले ते रंगमंचासाठी. मोठ्या आवाजाच्या जलशात गायक-वादकांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नाही. पूर्वी त्यासाठी पायाशी स्पीकर ठेवत आणि त्या गोंगाटात कानांची वाट लागे. 1995 साली व्हॅन हेलन या रॉक बँडचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी बँडचा ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनसाठी कानात घट्ट बसणारे मॉनिटर बनवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. बाहेरचा आवाज अडवायचा आणि हवा तेवढाच आत सोडायचा, हे त्यामागचं तत्त्व.

रंगमंचावर उड्या मारणाऱ्या माणसाच्या अंगावर सगळ्यात आधी तुटते ती वायर. तिच्यासाठी हजार डॉलरचा इअरफोन फेकून देणं कोणालाच परवडणार नाही, म्हणून ती काढता-घालता येईल अशी केली. वायर सुटी झाली ती दुरुस्तीच्या गरजेतून. आवाज सुधारण्याचा धंदा तिच्यावर नंतर चढला.

मेन्लो पार्कचा हिशेब

मेट्रोपार्कहून थोडं पुढे, ख्रिस्टी स्ट्रीटवर, 131 फुटी मनोरा आहे आणि त्याच्या टोकावर काचेचा अवाढव्य दिवा. हा 1938 साली लोकार्पण झालेला एडिसन स्मारक मनोरा. इथेच, मेन्लो पार्कमध्ये, 1876 पासून थॉमस एडिसनची प्रयोगशाळा होती. 1877 मध्ये याच जागी फोनोग्राफ बोलला, म्हणजे माणसाचा आवाज साठवून पुन्हा ऐकण्याची सुरुवात आपल्या या परिसरातच झाली. तेव्हाच्या रॅरिटन टाउनशिपने 1954 मध्ये एडिसनचं नावच घेतलं.

आपल्याला हवी आहे ती मात्र दिव्याची गोष्ट. विजेचे दिवे एडिसनच्या आधीही होते. पण बरेचसे संशोधक जाड, कमी रोधाच्या कोळशाच्या कांड्या वापरून पाहत होते. रोध म्हणजे एखादी वस्तू विजेच्या वाटेत जेवढी आडवी येते तेवढा तिचा अडथळा, आणि तो ओहममध्ये मोजतात. कमी रोधाच्या दिव्याला प्रचंड प्रवाह लागतो. तेवढा प्रवाह गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचा तर तांब्याच्या वायरी मनगटाएवढ्या जाड घ्याव्या लागतील, नाहीतर निम्मी वीज रस्त्यातच संपेल. तांब्याचा भाव पाहता सगळं दिवाळं निघालं असतं.

एडिसन आणि त्याचा गणिती सहकारी फ्रान्सिस अप्टन यांनी प्रश्न उलटा करून पाहिला. वायरीचा रोध किती, याला एकट्याने काही अर्थ नाही. दिव्याच्या तुलनेत तो किती, हे महत्त्वाचं. दिव्याचा रोध शंभरपट वाढवला तर वायरीचा रोधही शंभरपट चालतो, म्हणजे तांबं शतांश लागतं. म्हणून त्यांनी कोळसा केलेल्या बारीक धाग्याचा, शंभर ओहमहून जास्त रोधाचा दिवा शोधला आणि 31 डिसेंबर 1879 च्या रात्री मेन्लो पार्कमध्ये लोकांसमोर पेटवून दाखवला.

दिव्याच्या जागी इअरफोन ठेवा. वायरीच्या बाजारातलं जवळजवळ सगळं शास्त्र या एका भागाकारात येतं.

पाइप आणि नळ

गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तिथून पाइप खाली येतो आणि टोकाला नळ आहे. नळ बारीक धारेवर असेल तर पाइप अर्ध्या इंचाचा आहे की एक इंचाचा, बादलीला काही फरक पडत नाही. नळ पूर्ण उघडा असला की मात्र पाइपची जाडी जाणवू लागते. इअरफोनचा रोध जास्त असेल तर तो बारीक धारेचा नळ, कमी असेल तर पूर्ण उघडा.

इअरफोनचा रोध मात्र एकच एक नसतो. तो सुरागणिक बदलू शकतो, म्हणून त्याला इम्पीडन्स असं वेगळं नाव आहे. खोक्यावर '32 ओहम' छापलेलं असतं, ते सहसा एका ठरावीक सुराला, बहुधा 1000 हर्ट्‌झला मोजलेलं. आत एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे साध्या स्पीकरचीच छोटी आवृत्ती असेल, तर हा आकडा खर्जापासून टिपेपर्यंत फारसा हलत नाही. पण बॅलन्स्ड आर्मेचर नावाचे चिमुकले ड्रायव्हर चार-पाच किंवा त्याहूनही जास्त एकत्र बसवले असतील तर इम्पीडन्स एका सुराला 30 ओहम आणि दुसऱ्या सुराला 5 ओहम असा वरखाली होतो. नळ एका सुराला बंद होत जातो, दुसऱ्याला सताड उघडतो. अशा वेळी वायर ज्या सुरांना नळ उघडा आहे त्यांना जास्त दाबते, बाकीच्यांना कमी, आणि गाण्याचा तोल थोडा सरकतो.

वायरीने आवाज बदलतो तो मुख्यतः या वाटेने. वायर 'उजळ' किंवा 'उबदार' नसते. तिच्या अंगात एक छोटा रोध असतो आणि तो तुमच्या इअरफोनच्या चढउतारावर काय करेल, हे इअरफोनवर ठरतं. त्यामुळे तीच वायर एकाच्या इअरफोनवर वरचे सूर किंचित कमी करेल आणि दुसऱ्याच्या इअरफोनवर खर्ज.

चौकट: आकड्यांत बघू

26 गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला साधारण 0.134 ओहम असतो. वायर 1.2 मीटर लांब. वीज जाते आणि परत येते, म्हणून 2.4 मीटर धरायचे. रोध झाला सुमारे 0.32 ओहम. त्याहून बारीक 30 गेजची तार असेल तर तोच आकडा सुमारे 0.81 ओहम आणि जोडांचा धरून एकच्या आसपास.

पहिला इअरफोन: सगळ्या सुरांना 32 ओहम. 1 ओहमच्या वायरीने आवाज सगळीकडे सारखाच, 0.27 डेसिबलने घटतो. तोल तसाच राहतो. आवाजाचं बटण केसभर फिरवलं की संपलं.

दुसरा इअरफोन: कुठे 5 ओहम, कुठे 30. 1 ओहमच्या वायरीने पहिल्या ठिकाणी 1.6 डेसिबल घट, दुसऱ्या ठिकाणी 0.3. तोल 1.3 डेसिबलने सरकला. 0.3 ओहमची वायर लावली तर तो फक्त 0.4 डेसिबलने सरकतो. म्हणजे या दोन वायरींत जवळपास 0.9 डेसिबलचा फरक, आणि तो लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळू शकतो.

म्हणून कमी आणि चढउताराच्या इम्पीडन्सचा, अनेक ड्रायव्हरचा आयईएम असेल तर अर्ध्या ओहमच्या आतली वायर घ्यावी. एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचा असेल तर या मुद्द्याकडे पाठ फिरवायला हरकत नाही.

फोन, प्लेअर किंवा यूएसबीच्या छोट्या डाँगलच्या आतही काही रोध असतो आणि तो याच बेरजेत पडतो. जुना ठोकताळा असा की हा रोध इअरफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागाहून जास्त नको. तिथे तीन-चार ओहम वाया जात असतील तर वायरीतले दशांश वाचवून काय मिळणार?

रोध मुद्दाम वापरल्याचंही प्रसिद्ध उदाहरण आहे. एटिमोटिक कंपनीच्या ईआर-4 मालिकेत 'पी' मॉडेल 27 ओहमचं आणि 'एस' 100 ओहमचं होतं. 'पी'ला 75 ओहमचे रोधक बसवलेली जोडवायर लावली की ते 'एस'सारखं वाजू लागे. वायरीने आवाज बदलतो याचा हा सज्जड पुरावा. पण त्यासाठी 75 ओहम लागले.

चांदीचं काय?

चांदी तांब्याहून चांगली वाहक आहे, हे खरं. किती चांगली? पाच-सहा टक्के. आपल्या 0.32 ओहमच्या वायरीत तांब्याऐवजी शुद्ध चांदी घातली तर रोध 0.30 होईल. 5 ओहमच्या सुराला यातून 0.03 डेसिबलचा फरक पडतो. तो कोणाच्याही कानाला कळत नाही. तेवढाच फायदा तांब्याची तार जराशी जाड घेऊन मिळतो आणि तो फार स्वस्तात मिळतो. सोनं तर तांब्याहून वाईट वाहक. प्लगवर त्याचा मुलामा देतात तो गंजू नये म्हणून.

जाहिरातीत 'ओसीसी' ही अक्षरं फार दिसतात. ही जपानमधले प्राध्यापक आत्सुमी ओनो यांनी शोधलेली धातू ओतण्याची पद्धत. तीत साचा तापवलेला ठेवतात, त्यामुळे तारेतले स्फटिक खूप लांब होतात. धातुशास्त्र म्हणून ती अस्सल आहे. 'सहा नऊ', 'सात नऊ' ही शुद्धतेची मापंही खरी असू शकतात. पण 99.99 टक्के शुद्ध तांबं आणि त्यापुढे आणखी दोन-तीन नऊ लावलेलं तांबं यांच्या रोधातला फरक कानांच्या हिशेबात शून्य आहे. वीज तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहते म्हणून खास गुंफण हवी, हा दावाही असाच. 20,000 हर्ट्‌झला तांब्यात प्रवाह सुमारे 0.46 मिलिमीटर खोलीपर्यंत शिरतो. 26 गेजची अख्खी तारच 0.4 मिलिमीटर जाडीची, तेव्हा वीज तिच्या गाभ्यातूनही वाहते.

'लिट्‌झ' वायरीचा एक उपयोग मात्र खरा आहे. तिच्यातल्या प्रत्येक बारीक तारेवर वेगळा लाखेसारखा थर असतो, त्यामुळे घाम आणि हवा धातूपर्यंत पोचत नाही. साधी वायर पारदर्शक आवरणात वर्ष-दोन वर्षांत हिरवी पडू शकते. आवाज त्याने बिघडत नाही, पण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा तो रंग बघवत नाही.

मग लोकांना फरक ऐकू येतो तो कुठून?

फरक सांगणारे खोटं बोलत नाहीत. वायर बदलायची म्हणजे इअरफोन कानातून काढून पुन्हा घालावे लागतात. इअरफोनच्या टोकाची रबरी टोपी दुसऱ्यांदा किंचित वेगळ्या खोलीवर बसली, बाजूला बारीक फट राहिली, की खर्ज कित्येक डेसिबलने ढासळतो. वायरीच्या 0.9 पुढे हा आकडा राक्षसी आहे. शिवाय नवी वायर आवाज जरा मोठा करत असेल तर मोठा आवाज कानाला भरीव वाटतो. आवाज जितका हळू, तितका खर्ज कानाला आणखी कमी ऐकू येतो, हे बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं आहे. आणि दोनशे डॉलर मोजले की कान लक्ष देऊन ऐकू लागतात. मग जुन्याच गाण्यात तानपुऱ्याची एखादी तार नव्याने सापडते.

माझं मत विचाराल तर आवाजासाठी पहिला खर्च वायरीवर करू नये, टोप्यांवर करावा. दहा-वीस डॉलरच्या वेगळ्या मापाच्या सिलिकॉनच्या किंवा स्पंजाच्या टोप्या जो बदल घडवतात, तो कोणत्याही धातूला जमत नाही.

बॅलन्स्ड म्हणजे काय?

साध्या 3.5 मिलिमीटर प्लगवर तीन भाग असतात: डावा, उजवा आणि दोघांचा परतीचा सामाईक मार्ग. बॅलन्स्ड वायरीत दोघांना आपापला परतीचा मार्ग असतो. दोन बाजूंची सरमिसळ त्याने कमी होते, पण त्याहून मोठं कारण म्हणजे अशा प्लेअरमध्ये प्रत्येक कानाला दोन अ‍ॅम्प्लिफायर उलट-सुलट जोडून जोर मिळतो. व्होल्टेज दुपटीपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे 6 डेसिबल जास्त. नाठाळ, जोर मागणाऱ्या इअरफोनला त्याचा उपयोग होतो. फोनवरच मोठा वाजणाऱ्या आयईएमला त्यातून मिळते ती बहुधा मागची सळसळ.

यासाठी 2.5 मिलिमीटरचा प्लग आधी आला. तो इतका बारीक की खिशात वाकतो. 2016 मध्ये सोनीने 4.4 मिलिमीटरचा धट्टाकट्टा प्लग बाजारात आणला आणि आज नवी बॅलन्स्ड वायर घ्यायची तर तोच घ्यावा. इथे एक धोका ध्यानात ठेवा. बॅलन्स्ड वायरीला जोडणी (अ‍ॅडाप्टर) लावून साध्या जॅकमध्ये घातली तर चालतं. साधी वायर जोडणी लावून बॅलन्स्ड जॅकमध्ये कधीही घालू नका. दोन अ‍ॅम्प्लिफायरची तोंडं एकमेकांना जोडली जाऊन शॉर्ट होतात आणि प्लेअर जळू शकतो.

खरी निवड कानापाशी

धातूवर तास-तास वाद घालणारा माणूस चुकतो तो बहुधा इअरफोनकडच्या टोकाला. तिथे दोन मोठी कुळं आहेत. एमएमसीएक्स हा गोल जोड टिचकन बसतो आणि फिरतो. त्याच्या आत एक बारीक स्प्रिंगची कडी असते. वारंवार काढघाल केली की ती सैल पडते आणि मान वळवली की एका बाजूचा आवाज जातो-येतो. काढताना वायर ओढायची नाही. जोडाच्या फटीत नख सारून सरळ उपटायचं.

दुसरं कूळ दोन पिनांचं. त्यातही पिन 0.78 मिलिमीटरची आणि 0.75 मिलिमीटरची असे दोन प्रकार आहेत. फरक अवघा 0.03 मिलिमीटरचा, पण जाड पिन बारीक भोकात कोंबली की भोक कायमचं रुंदावतं, आणि मग मूळ वायरसुद्धा ढिली बसते. काही कंपन्या पिनांभोवती प्लॅस्टिकची टोपी असलेला क्यूडीसी पद्धतीचा जोड वापरतात. त्यात धन-ऋण बाजू उलट्या असू शकतात. म्हणून दुकानदाराला 'दोन पिनवाली द्या' एवढं सांगून भागत नाही. इअरफोनचं नेमकं मॉडेल सांगा.

दोन पिनांची वायर एका बाजूला उलटी बसली तर काहीही जळत नाही, आवाजही येतो, पण गाणं डोक्याभोवती विरघळल्यासारखं वाटतं. कारण एका कानातला पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्यातला मागे जातो. हे तपासायला मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना अगदी एकच आवाज असलेलं ध्वनिमुद्रण लावा. बालगंधर्वांची जुनी तबकडी याला उत्तम. सगळं बरोबर असेल तर त्यांचा आवाज कपाळाच्या मधोमध एका बिंदूतून येतो. तो पसरला, कानांबाहेर पळाला, की एका बाजूची पिन काढून उलटी लावा. तांबडी खूण उजव्या कानाची.

थंडी आणि खरखर

वायरीमुळे आवाजात पडणारा सगळ्यात ठळक फरक कोणत्याही जाहिरातीत नसतो, तो म्हणजे वायर घासल्याची खरखर. कान बंद, त्यात ताणलेली वायर, आणि ती जॅकेटच्या चेनवर घासली की प्रत्येक ओरखडा थेट पडद्यापर्यंत पोचतो. न्यू जर्सीच्या जानेवारीत हे फार जाणवतं, कारण स्वस्त पीव्हीसीचं आवरण थंडीत ताठ होतं. ताठ वायर जास्त खरखर वाहून नेते, वर कानामागून सारखी निसटते. विकत घेण्याआधी वायर बोटाभोवती गुंडाळून सोडा. तशीच मऊ पडून राहिली तर चांगली, स्प्रिंगसारखी उसळली तर नको. कानामागचा आकडा फार कडक नसावा आणि हनुवटीखाली सरकवायचा मणी असावा. मणी वर सरकवला की निम्मी खरखर तिथेच थांबते. आठ पदरी जाडजूड वायर छायाचित्रात देखणी दिसते, पण तिच्या वजनाने इअरफोन कानातून खाली खेचले जातात, टोपीचा जम बिघडतो आणि खर्ज जातो. तिच्याऐवजी चार पदरी हलकी वायर बरी.

ऑफिसच्या कॉलसाठी वापर असेल तर माइक असलेली वायर हा सगळ्यात उपयोगी बदल आहे. शौकीन त्याला बदल मानायला तयार नसतात, ते सोडून द्या.

पाकीट

चांगल्या तांब्याची, मऊ, जोड नीट बसणारी वायर वीस ते पन्नास डॉलरांत मिळते. बहुतेक अशा वायरी चीनमध्ये बनतात. आठशे डॉलरखालच्या पार्सलांना अमेरिकेत असलेली आयातकराची सूट 2025 मध्ये बंद झाली, तेव्हा परदेशातून थेट मागवताना कर धरून किंमत बघा आणि परत पाठवण्याची सोय आहे का, तेही विचारा. घरात मल्टिमीटर असेल तर त्याच्या दोन टोच्या आधी एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा आणि वायरीचा एकेक मार्ग या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा. डावी-उजवी बाजू सारखी आणि जाऊन-येऊन अर्ध्या ओहमच्या आत भरली, तर विद्युतशास्त्राच्या दृष्टीने तुमच्या वायरीत सुधारण्यासारखं काही उरलेलं नाही. पन्नास डॉलरच्या वर जे मोजाल ते देखणेपणाचे. ते खुशाल मोजा, पण आवाजाच्या खात्यावर मांडू नका.